'फाइंड' या क्रियापदाचे अर्थ : मिळणे, आढळणे, ठरणे आणि शोधून काढणे

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला अगदी सुरुवातीस भेटणारे एक क्रियापद म्हणजे 'फाइंड' होय. फाइंड, फाउंड, फाउंड अशी त्याची तीन रूपे मुले घोकून पाठ करतात, समोर 'सापडणे' असा अर्थ लिहून ठेवतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. संस्थेच्या अभ्यासिकेत मुलांच्या भाषांतराच्या वह्या तपासताना आम्हांला दिसते ते असे की, हा एकच अर्थ पाठ झाल्यामुळे मुले "न्यायालयाला तो दोषी सापडला", "मला हे गणित अवघड सापडले", "त्याला वेळ सापडला नाही" अशी वाक्ये लिहितात. वाचताना हसू येते. परंतु हा विषय केवळ हसून सोडण्यासारखा नाही. याच क्रियापदाचा अर्थ नीट न लागल्यामुळे कोणाचा दाखला अडतो, कोणाचे श्रेय कोणाला जाते, आणि तथागतांच्या संबोधीविषयीही आपण नकळत भलतेच बोलून जातो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत या एका शब्दासाठी थोडी जागा घेत आहोत.

प्रथम नेहमीच्या वापरातले अर्थ पाहू. हरवलेली वही हाती लागली तर 'सापडली'. नोकरी लागली तर ती 'मिळाली'. कारण नोकरी काही कोठे पडलेली नसते. काळवीट अमुक प्रदेशात 'आढळतो'. औषध कडू 'लागते', गणित अवघड 'जाते', माणूस स्वभावाने चांगला 'वाटतो' किंवा अनुभवाने चांगला 'निघतो'. या सर्व ठिकाणी इंग्रज माणूस निःसंकोचपणे 'फाइंड' म्हणतो. याला 'आउट' हा शब्द जोडला की अर्थ बदलतो. 'फाइंड आउट' म्हणजे चौकशी करून माहिती काढणे, छडा लावणे. "गाडी किती वाजता सुटते ते फाइंड आउट कर" याचा अर्थ गाडी शोध असा नव्हे.

येथे मराठीतील 'काढणे' हे क्रियापद फार उपयोगी पडते, आणि शिकवणारे त्याच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. गणिताच्या पुस्तकात इंग्रजीत "फाइंड द व्हॅल्यू" असते, तेथे आपण "किंमत काढा" म्हणतो. वेळ फाइंड करणे म्हणजे वेळ काढणे. फॉल्ट फाइंड करणे म्हणजे खोड काढणे. तोडगा काढणे, मार्ग काढणे, पत्ता काढणे, या सगळ्यांत 'फाइंड' आहे. मुलांनी 'सापडणे' याच्या शेजारी 'काढणे' हा अर्थ लिहून ठेवला तर निम्म्या चुका टळतील असा आमचा अनुभव आहे.

आता दोन्ही भाषांत जो मूलभूत फरक आहे त्याकडे वळू. इंग्रजीत "आय फाउंड द बुक" असे म्हणतात. शोधणारा 'आय' हा वाक्याचा धनी असतो आणि सापडणे ही त्याची कृती असते. मराठीत आपण "मी पुस्तक शोधले" असे म्हणतो. येथपर्यंत 'मी' कर्ता आहे. पण पुढच्याच क्षणी "मला पुस्तक सापडले" असे म्हणावे लागते. येथे 'मी'चा 'मला' झाला आणि कर्तेपण पुस्तकाकडे गेले. मिळणे, आढळणे, गवसणे, लाभणे ही सारी क्रियापदे अशीच चालतात. म्हणजे मराठी माणसाच्या बोलण्यात शोधणे हे माणसाचे काम, आणि सापडणे ही त्याच्या बाबतीत घडणारी गोष्ट. ती घडो अथवा न घडो. यात विनय आहे हे खरे, पण धोकाही आहे. कोणी शोधले, किती शोधले, शोधले की नाही, हे सर्व अशा वाक्यातून गळून पडते. सापडणे या शब्दात तर अडकण्याचाही अर्थ आहे. माणसे पुरात सापडतात, चोर पोलिसांच्या हाती सापडतो, गरीब सावकाराच्या कचाट्यात सापडतो. तेव्हा 'फाइंड'चे भाषांतर करताना करणाऱ्याचे कर्तेपण ठेवायचे की सोडायचे, हा निर्णय दरवेळी घ्यावा लागतो. पुढील तीन बाबतींत तो निर्णय आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

पहिली बाब न्यायालयाची. न्यायालय जेव्हा 'फाइंड' करते तेव्हा त्याला काही सापडत नाही. ते पुरावा पाहून काही 'ठरवते'. या अर्थाच्या 'फाइंडिंग'ला मराठीत 'निष्कर्ष' हा शब्द रूढ आहे. महाडच्या चवदार तळ्याचा खटला यासाठी चांगला नमुना आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो बांधवांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. येथे 'वहिवाट सापडली नाही' असे भाषांतर केले तर ती कोठे तरी असेल, पण न्यायाधीशांच्या नजरेस आली नाही, असा भास होतो. 'सिद्ध झाली नाही' म्हटले की सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर होती आणि ती कोणाला पार पाडता आली नाही, हे उघड होते. दहा वर्षांच्या लढ्याचे फळ या दोन क्रियापदांतील फरकात आहे.

दुसरी बाब कचेरीची, आणि ती आज घरोघरी जाणवते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती अनेक वर्षे नाकारल्या गेल्या. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केल्यावर त्या मिळू लागल्या. तथापि जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी मूळ अनुसूचित जातीचा पुरावा लागतो, आणि तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याशी जोडावा लागतो. तेव्हा आजोबा-पणजोबांच्या नावाची जुनी नोंद पाहिजे. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील असो, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची असो, की महसुली कागदातील असो. मुलाने बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरलेला असतो, मुदत जवळ आलेली असते, वडील मजुरी पाडून तालुक्याला चार चकरा मारतात, आणि अखेर एका ओळीचा शेरा हाती पडतो : "सदर नोंद आढळून येत नाही."

या ओळीचे व्याकरण वाचकांनी नीट पाहावे. यात कर्ता नाही. नोंद आपण होऊन आढळून येत नाही. जणू तिचीच इच्छा नाही! इंग्रजी शेऱ्यात 'नॉट फाउंड' एवढेच असते, तेथेही शोधणाऱ्याचे नाव लपते. या शेऱ्याचे निदान चार अर्थ होऊ शकतात. रजिस्टर आहे, ते पाहिले, पण त्यात नाव नाही, हा एक. रजिस्टरच जागेवर नाही, हा दुसरा. रजिस्टर आहे पण जीर्ण झाल्याने किंवा वाळवी लागल्याने वाचता येत नाही, हा तिसरा. आणि कोणी पाहिलेच नाही, हा चौथा. चारही गोष्टी एकाच क्रियापदात मावतात, पण त्यांवरील उपाय निरनिराळे आहेत. नाव नसेल तर दुसऱ्या गावचा किंवा रक्ताच्या नात्यातील दुसऱ्या व्यक्तीचा पुरावा पाहावा लागेल. नाव वेगळ्या रीतीने लिहिलेले असण्याचीही शक्यता असते. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते, फक्त नाव, बापाचे नाव आणि जात असते, तेव्हा आडनावावरून शोधणाऱ्याला ती दिसणारच नाही. रजिस्टरच जागेवर नसेल तर तसे स्पष्ट लेखी मागितले पाहिजे.

यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार कायदा उपयोगी आहे. माहिती कोणत्या कारणांनी नाकारता येते याची यादी त्या कायद्यात दिली आहे. 'सापडत नाही' हे कारण त्या यादीत नाही. एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती आता सापडत नाही एवढे सांगून टाळता येणार नाही, कसून शोध घेतला पाहिजे आणि जबाबदारीही ठरवली पाहिजे, अशा आशयाचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आहे. म्हणून अर्ज करताना "नोंद मिळावी" एवढेच न लिहिता कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची कोणती रजिस्टरे तपासली, ती कोणत्या तारखेस व कोणी तपासली, हेही विचारावे. आणि उत्तराने समाधान न झाल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करावे. म्हणजे 'आढळून येत नाही' या वाक्याला कर्ता द्यावा लागतो. कचेरीतील सर्वच मंडळी टाळाटाळ करणारी असतात असे आम्ही म्हणत नाही. जुनी मोडी किंवा पुसट अक्षरे तासन् तास वाचून नोंद काढून देणारे लोकही असतात. पण शेरा दोघांचा सारखाच असतो, ही अडचण आहे.

तिसरी बाब इतिहासाची. तेथे 'फाइंड'चा मोठा भाऊ 'डिस्कव्हर' भेटतो. त्याचा मूळ अर्थ झाकण काढणे असा आहे. मराठीत आपण त्याला 'शोध लावणे' म्हणतो, आणि हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. अजिंठ्याच्या लेण्यांचा शोध १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने लावला, असे मुले पाठ करतात. वाघाच्या शिकारीस आलेल्या स्मिथने दहाव्या लेण्यातील एका खांबावर, चित्रावरच, आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. आता ते नाव माणसाच्या डोक्याच्या बरेच वर दिसते, कारण त्या वेळी लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. पण लेण्यांपाशी जे खेडे आहे त्याचे नाव लेणापूर. ज्या गावाच्या नावातच लेणे आहे त्या गावच्या लोकांना ते ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? सातव्या शतकात आलेला चिनी भिक्खू ह्युएन त्संग याच्या प्रवासवर्णनातही महाराष्ट्र देशातील डोंगरात कोरलेल्या अशाच विहाराचे वर्णन येते. तेव्हा स्मिथला लेणी 'सापडली' किंवा 'दिसली' म्हणावे. 'शोध लावला' हे कर्तेपण त्याला देण्याचे कारण नाही. लुंबिनीचेही तसेच. १८९६ साली तेथील अशोकस्तंभावरचा लेख उजेडात आला आणि बुद्धांचे जन्मस्थान निश्चित झाले. हे काम विद्वानांचे होते, पण त्या जागेला आसपासचे लोक 'रुम्मिनदेई' म्हणत होते, आणि त्या नावात लुंबिनी जिवंत राहिली होती.

येथे आपल्या वाशिमचाही उल्लेख केला पाहिजे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. हे नाव कामसूत्रात आहे, राजशेखराच्या ग्रंथात आहे. म्हणजे ते हरवले नव्हते. पण येथून वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती हे इतिहासकारांना स्पष्टपणे कळले ते १९३९ च्या सुमारास वाशिमलाच मिळालेला एक ताम्रपट वाचल्यानंतर. राजा दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्म येथून, आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी तो दिला. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि बाकीचा प्राकृतात आहे. दान ब्राह्मणांना आहे, बौद्ध संघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु या पत्र्यांवरून अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखाचे जुने वाचन तपासता आले आणि त्यातील राजांची चुकीची वाचलेली नावे दुरुस्त झाली. डॉ. वा. वि. मिराशी यांनी या विषयावर मोलाचे काम केले. सोळावे लेणे भिक्खुसंघाला दान देणारा वराहदेव हा याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या गावाचा अजिंठ्याशी असलेला संबंध लेण्यातील भिंतीवर चौदाशे-पंधराशे वर्षे लिहिलेला होताच. ताम्रपट 'सापडला' हे बरोबर, पण तो संबंध 'शोधून काढला' असे म्हटले पाहिजे, कारण तेथे कोणी तरी बसून अक्षर अक्षर ताडून पाहिले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. इंग्रजीत 'फाउंड' हा शब्द दोन ठिकाणांहून आला आहे. एक 'फाइंड'चा भूतकाळ, आणि दुसरा अगदी वेगळा, 'स्थापना करणे' या अर्थाचा. हा दुसरा शब्द तळ किंवा पाया या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. त्याची रूपे फाउंड, फाउंडेड अशी होतात. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी फाउंड केली, म्हणजे स्थापन केली. त्यावरून 'फाउंडर', म्हणजे संस्थापक. शाळेच्या पुस्तकांतून तथागत हे बौद्ध धर्माचे 'फाउंडर' म्हणून येतात. आम्हांला वाटते की येथे 'फाउंडर'पेक्षा 'फाइंडर' हा शब्द अधिक जवळचा आहे.

असे म्हणण्यास आधार आहे. संयुत्त निकायातील नगर सुत्तात तथागतांनी एक उपमा दिली आहे. रानात फिरणाऱ्या एका माणसाला पूर्वीच्या लोकांनी वहिवाटलेली एक जुनी वाट दिसते. तिने जाता जाता त्याला एक जुने नगर लागते, बागा, तळी आणि तट असलेले. तो परत येऊन राजाला सांगतो की ते नगर पुन्हा वसवा, आणि ते पुन्हा गजबजते. ती जुनी वाट म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग, असे तथागत सांगतात. मूळ पालीत तेथे 'अद्दसं' म्हणजे 'मी पाहिला' असे साधे क्रियापद आहे. त्यात मिळाल्याचा भाव नाही, कोणी दिल्याचा तर नाहीच. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हीच बाजू ठळकपणे मांडली. धम्म हा दैवी संदेश नसून माणसाच्या या पृथ्वीवरील जीवनाच्या स्थितीचा तपास करून लागलेला शोध आहे, आणि बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आणि आपण मराठीत काय म्हणतो? "बोधिवृक्षाखाली त्यांना ज्ञान प्राप्त झाले." पुन्हा तोच 'त्यांना'. सहा वर्षे केलेली खटपट, आळार कालाम व उद्दक रामपुत्त यांच्याकडे घेतलेले शिक्षण, ते अपुरे वाटल्यावर सोडणे, उपासमारीचा मार्ग करून पाहणे आणि तोही टाकणे, हे सर्व एका 'प्राप्त झाले'मध्ये बुडून जाते. ऐकणाऱ्याला वाटते, वरून काही उतरले. वंदनेनंतरच्या भाषणात "त्यांनी दुःखाचे कारण आणि दुःखमुक्तीचा मार्ग शोधून काढला" असे म्हणण्यास फक्त चार शब्द जास्त लागतात.

पालीत शोधण्याला 'गवेसति' असा शब्द आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भद्दवग्गिय मित्रांची गोष्ट येते. तीसएक तरुण वनात सहलीस गेले असता त्यांच्यातील एकासाठी आणलेली गणिका सामान घेऊन पळाली. तिला शोधत ते तथागतांपाशी पोहोचले. तेव्हा तथागतांनी विचारले की, त्या बाईचा शोध घेणे चांगले की स्वतःचा शोध घेणे? दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. पुढे आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्गात 'अविज्जा' शब्दाची फोड करताना 'विन्दति' म्हणजे 'मिळवतो' हे क्रियापद घेतले. जे मिळवू नये ते दुराचरण मिळवते आणि जे मिळवावे ते सदाचरण मिळवत नाही, ती अविद्या, अशी त्यांची एक व्याख्या आहे. 'विद्' या धातूला जाणणे आणि मिळणे असे दोन्ही अर्थ असल्यामुळे ही फोड सहज बसते.

या 'गवेसति'चाच वंशज आपल्याकडे अजून नांदतो आहे. वऱ्हाडातील म्हातारी माणसे हरवलेले ढोर हाती लागले की "गवसलं" म्हणतात. हा शब्द 'गवेषणा'पासून आला आहे. म्हणजे मूळचा शोधण्याचा शब्द वापरता वापरता सापडण्याचा झाला. इंग्रजीच्या तासाला 'फाइंड'च्या पुढे आणखी एक अर्थ लिहायचा झाला तर मुलांनी घरातल्या आजीचा हा शब्द लिहिण्यास हरकत नाही.